तोच संगणक, तीच चाचणी, आकडा मात्र वेगळा

संगणकाचा वेग मोजण्याविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. गेमिंगमधल्या फ्रेमदराविषयीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर सिनेबेंच आर-२३ हे प्रोसेसरचा वेग मोजणारे साधन चालवले की पहिल्या वेळी आकडा चांगला येतो. लगेच पुन्हा चालवले की पंधरा-वीस टक्क्यांनी घसरतो. दुकानदार म्हणतो, ‘सगळ्यांचं असंच असतं.’ मशीन सदोष आहे का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : दुकानदार खोटे बोलत नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरला विजेच्या दोन मर्यादा असतात. एक कायम पाळायची, दुसरी थोड्या वेळापुरती. इंटेलच्या कोअर आय-५ १२३५-यू या चिपची मूळ मर्यादा १५ वॅट आहे, पण जोर लावताना ती ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते. हा जोर साधारण अर्धा मिनिट टिकतो, मग चिप आपणहून वेग उतरवते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला या दोन्ही मर्यादा आणि तो कालावधी बदलता येतो. म्हणून एकच चिप असलेले दोन लॅपटॉप वेगळे आकडे देतात, आणि नुसत्या चिपच्या नावावरून केलेली तुलना फसते.

याशिवाय उष्णतेची मर्यादा आहेच. बऱ्याचशा लॅपटॉप चिपमध्ये ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर वॅट शिल्लक असले तरी वेग कमी होतो. खोली १० अंशांनी तापली की चिपला उष्णता टाकायला तेवढाच कमी वाव राहतो. त्यामुळे नागपुरात मे महिन्यात घेतलेला आकडा आणि डिसेंबरातला आकडा शेजारी शेजारी ठेवताच येत नाहीत. चाचणीच्या वेळी खोलीचे तापमान लिहून ठेवा. साधा थर्मामीटर पुरतो.

मोजताना चार्जर मूळचा आणि पूर्ण क्षमतेचा असावा. ६५ वॅटच्या जागी फोनचा टाइप-सी चार्जर लावला तर बरेच लॅपटॉप गुपचूप हात आखडता घेतात. लॅपटॉप टेबलावर ठेवा, गादीवर नको. विंडोजमध्ये पॉवर मोड एकच ठेवा. मशीन सुरू केल्यावर दहा मिनिटे नुसते राहू द्या, कारण अपडेट, शोध-सूची आणि अँटिव्हायरस यांची धावपळ त्याच वेळी चालते. मग सिनेबेंचचा दहा मिनिटांचा पर्याय निवडा. आर-२३मध्ये तो याच कामासाठी दिला आहे. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे यंत्राची आतली मापे दाखवणारे साधन उघडून पॅकेज पॉवर (पूर्ण चिप घेत असलेली वीज), तापमान आणि घड्याळाचा वेग यांची नोंद फाइलमध्ये घ्या. घसरणीच्या क्षणी पॉवर १५ वॅटवर येऊन थांबली असेल तर ती ठरवून दिलेली मर्यादा आहे, दोष नाही. पॉवर मर्यादेच्याही खाली गेली आणि तापमान १००ला टेकलेले असेल, तर मात्र पंख्यातली धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट पाहायला हवी.

आणि आकडा एक देऊ नका, दोन द्या : थंड यंत्राचा पहिला आणि दहा मिनिटांनंतरचा स्थिर. फाइल उघडणे, पान लोड होणे अशा झटपट कामांना पहिला आकडा लागू पडतो, व्हिडिओ रेंडरिंगला दुसरा.

प्रश्न : सी++मधल्या एका प्रोग्रामचा आतला लूप बदलून मी तो ३ टक्क्यांनी वेगवान केला. माझ्या लिनक्स मशीनवर पाच वेळा चालवून सरासरी घेतली होती. सहकाऱ्याच्या मशीनवर मात्र फरक शून्य, आणि एकदा तर नवी आवृत्तीच हळू ठरली. खरे कोणाचे मानायचे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : अजून तरी कोणाचेच नाही. २० टक्क्यांचा फरक ढिसाळ मोजणीतही दिसतो. १ ते ५ टक्क्यांच्या पट्ट्यात मात्र मोजणीची चूक आणि खरी सुधारणा यांचा आकार सारखाच असतो.

नवी आवृत्ती तात्पुरती बाजूला ठेवा. जुन्या प्रोग्रामच्या दोन हुबेहूब प्रती करा, अ आणि ब, आणि त्यांचीच तुलना करा. फरक शून्य यायला हवा. समजा अ आणि ब यांच्यात २.५ टक्के फरक निघाला. मग तुमच्या मोजपट्टीवर त्याहून बारीक खुणाच नाहीत, आणि ३ टक्क्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आमच्या मते ही चाचणी केल्याशिवाय कोणतीही सुधारणा जाहीर करू नये. वेळ थोडा लागतो, आणि बहुतेक वाद तिथेच मिटतात.

अ-ब फरक खाली आणण्यासाठी यंत्र शांत करावे लागते. सीपीयू-पॉवर या आज्ञेने गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारे धोरण, ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. टर्बो, म्हणजे चिपने आपणहून वाढवलेला वेग, बंद करा : इंटेल पी-स्टेट ड्रायव्हर असेल तर त्याच्या सिस्टिम फोल्डरमध्ये ‘नो टर्बो’ नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहायचा. एएमडीच्या बऱ्याच यंत्रांत सीपीयू-फ्रीक्वेन्सीच्या फोल्डरमधल्या ‘बूस्ट’ फाइलमध्ये ० लिहायचा. टर्बो बंद केल्याने आकडा खाली येईल, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. इथे वेग दाखवायचा नसून फरक मोजायचा आहे. टास्कसेट या आज्ञेने प्रोग्राम एकाच कोअरवर बांधा, आणि त्या कोअरचा जुळा धागा मोकळा आहे ना ते पाहा. हायपरथ्रेडिंगमध्ये दोन तार्किक कोअर एकच कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी) आणि एकच गणनयंत्रणा वाटून घेतात, त्यामुळे शेजारच्या धाग्यावर ब्राउझर चालू असला की तुमचा आकडा त्याच्या मर्जीवर. कोअर शून्य टाळलेला बरा, बऱ्याच यंत्रांत इंटरप्टचा (हार्डवेअरकडून मध्येच येणाऱ्या हाकांचा) मारा त्याच्यावर जास्त असतो.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, आणि बहुतेकांना ती पटत नाही. प्रोग्रामच्या सूचना आणि स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती साठवण) मेमरीत नेमक्या कुठल्या पत्त्यावर बसतात यावर वेग बदलतो. कॅशेच्या ओळी, शाखांचा अंदाज बांधणारे तक्ते, पानांच्या सीमा हे सगळे पत्त्यांवर चालते. मिटकोविच, दिवाण, हाउसवर्थ आणि स्वीनी या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की युनिक्समधल्या पर्यावरण-चलांचा (प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या नाव-मूल्यांच्या यादीचा) एकूण आकार बदलला किंवा लिंकरला (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला) ऑब्जेक्ट फाइली वेगळ्या क्रमाने दिल्या, एवढ्यानेही कंपायलरच्या ओ-३ या जास्तीच्या वेगसुधारणांच्या पातळीचा फायदा होतो की तोटा, हा निष्कर्ष उलटू शकतो. पर्यावरण-चले स्टॅकच्या वर बसतात. ती वाढली की स्टॅकची सुरुवात सरकते. तुमच्या लॉगिनचे नाव सहकाऱ्याच्या नावापेक्षा लांब असेल तर घरच्या फोल्डरचा पत्ता लांब होतो आणि स्टॅक काही बाइट सरकतो. हास्यास्पद वाटते, पण खरे आहे.

यावर उपाय दोन, आणि ते परस्परविरोधी आहेत. पहिला म्हणजे सगळे गोठवणे. लिनक्स दर वेळी प्रोग्रामचे पत्ते मुद्दाम बदलते; ‘सेटआर्क’ आज्ञेने ही पत्त्यांची उलथापालथ त्या प्रोग्रामपुरती बंद करायची आणि पर्यावरण रिकामे ठेवायचे. आकडे छान स्थिर येतात. पण ते एकाच मांडणीचे असतात, आणि ती मांडणी नव्या आवृत्तीला योगायोगाने अनुकूल असू शकते. दुसरा उपाय म्हणजे उलथापालथ चालू ठेवून प्रोग्राम नव्याने पुष्कळदा सुरू करणे, तीस-चाळीस वेळा तरी, आणि प्रत्येक वेळी पर्यावरणात वेगळ्या लांबीचे एक निरर्थक चल घालणे. आकडे पसरतात, पण त्या पसाऱ्याचा मध्य जास्त विश्वासार्ह असतो. दोष शोधताना पहिला मार्ग घ्या, निष्कर्ष मांडताना दुसरा. एकाच प्रक्रियेत लूप हजारदा फिरवून हे साधत नाही, कारण मांडणी प्रक्रिया सुरू होतानाच ठरते. लिंकचा क्रम तर बायनरी बनवतानाच ठरतो, तेव्हा तो बदलून दोन-तीन बांधण्या करून पाहणे उत्तम.

जुन्याच्या सगळ्या फेऱ्या आधी आणि नव्याच्या नंतर, असे करू नका. यंत्र तापत जाते, आणि त्याचा भुर्दंड नंतरच्याला बसतो. जुनी, नवी, नवी, जुनी असा क्रम ठेवा किंवा प्रत्येक वेळी नाणे उडवा. हायपरफाइन हे साधन सोयीचे आहे, सुरुवातीच्या वॉर्म-अप फेऱ्या वगळणे वगैरे ते नीट करते. पण ते एका आज्ञेच्या सगळ्या फेऱ्या संपवून मग दुसरी घेते, म्हणून अदलाबदल हवी असेल तर बाहेरून शेल-लूप लिहा.

लिनक्सच्या ‘परफ स्टॅट’ या आज्ञेने अंमलात आलेल्या सूचनांची संख्याही काढा. ती वेळेपेक्षा पुष्कळच स्थिर असते. सूचना कमी झाल्या असतील आणि चक्रे (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) तेवढीच राहिली असतील, तर तुमचा लूप मेमरीची वाट पाहत बसला आहे आणि गणित कमी करून उपयोग नाही. सूचना आहेत तेवढ्याच आणि वेळ ३ टक्क्यांनी कमी, असे असेल तर मांडणीचा संशय घ्या.

सहकाऱ्याकडे पाठवताना स्रोत पाठवला होता की बायनरी? दोघांनी ‘मार्च नेटिव्ह’ हा, समोरच्याच चिपसाठी सूचना निवडणारा, पर्याय लावून आपापल्या मशीनवर कंपाइल केले असेल, तर तुम्ही दोन वेगळे प्रोग्राम मोजलेत.

प्रश्न : फेऱ्यांची सरासरी घ्यावी, मध्यक घ्यावा की सर्वांत कमी वेळ?
(एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : वेळेच्या मोजणीतला गोंधळ बहुधा एकाच दिशेने येतो. इंटरप्ट, दुसऱ्या प्रोग्रामची लुडबूड, कॅशे रिकामी असणे, हे सगळे वेळ वाढवतात. कमी क्वचितच करतात. त्यामुळे आलेख डावीकडे उभा आणि उजवीकडे लांब शेपटीचा होतो. सरासरी त्या शेपटीमागे ओढली जाते. केवळ गणित करणाऱ्या छोट्या तुकड्यासाठी किमान वेळ चालतो. पायथनचे टाइम-इट हे वेळ मोजणारे साधन आज्ञेच्या ओळीवरून चालवले तर ते पाच पुनरावृत्त्यांतला सर्वोत्तमच सांगते. मेमरी वाटप, डिस्क किंवा नेटवर्क ज्यात आहे त्यासाठी मध्यक द्या आणि सोबत पंचवीस व पंचाहत्तर टक्क्यांवरचे आकडे द्या. सर्व्हरसाठी ती शेपूट हाच खरा विषय असतो.

वेगवेगळ्या चाचण्यांची गुणोत्तरे एकत्र करायची तर भूमितीमध्य (सगळ्यांच्या गुणाकाराचे, ती जितकी तितवे मूळ) घ्या. साध्या सरासरीत, कोणत्या यंत्राला पाया मानले यावर विजेता बदलतो. एका चाचणीत क यंत्र दुप्पट वेगवान आणि दुसऱ्यात निम्म्या वेगाचे असेल, तर साधी सरासरी १.२५ येते. पाया उलटवला तरी १.२५च! म्हणजे दोन्ही यंत्रे एकमेकांपेक्षा वेगवान. भूमितीमध्य १ येतो. स्पेक सीपीयू २०१७ या प्रोसेसर-चाचणीसंचाचा एकूण गुणही भूमितीमध्यच असतो, आणि तिथे अधिकृत निकालासाठी तीन फेऱ्या केल्या तर मध्यक, दोनच केल्या तर त्यातला हळू, असा नियम आहे. दोनांतला हळू आकडा घेण्याची ही पद्धत उत्पादकांनीही आपल्या जाहिरातींत पाळली तर बरे होईल.

प्रश्न : जावामध्ये १० कोटी बेरजांचा लूप लिहिला. आधी-नंतर नॅनोटाइमने वेळ घेतली. पहिल्यांदा ६० मिलीसेकंद, पुढे जवळजवळ शून्य! प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा आहे.
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : असा आकडा आला की आधी तोंडी हिशेब करावा. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी चक्रे. एका बेरजेला एक चक्र धरले तर १० कोटींना ३३ मिलीसेकंद लागतील. कंपायलरने आठ-आठ बेरजा एकदम केल्या तरी ४ मिलीसेकंद. त्याखालचा आकडा आला तर काम झालेलेच नाही.

तेच झाले आहे. बेरजेचे उत्तर तुम्ही कुठे वापरत नाही, म्हणून प्रोग्राम चालू असतानाच काम करणाऱ्या जावाच्या कंपायलरने तो लूपच उडवला. पहिल्या वेळी तो अजून जागा व्हायचा होता. उत्तर छापले म्हणजे प्रश्न सुटेल असेही नाही. लूपची मर्यादा स्थिर असेल तर कंपायलर बेरीज सूत्राने काढून मोकळा होतो. जेएमएच हे जावासाठीचे मोजणीचे साधन वापरा. बेंचमार्क मेथडमधून उत्तर परत करा किंवा त्याच्या ‘ब्लॅकहोल’ला (उत्तर गिळणाऱ्या वस्तूला) द्या, आणि आत येणारे आकडे ‘स्टेट’ वर्गातल्या ‘फायनल’ नसलेल्या चलांतून घ्या. मेथडच्या आत स्वतःचा लूप लिहू नका, फेऱ्या जेएमएचवर सोडा. सध्याच्या आवृत्त्यांत जेएमएच पाच नव्या प्रक्रिया सुरू करते, प्रत्येकीत १० सेकंदांच्या पाच वॉर्म-अप आणि तेवढ्याच मोजणीच्या फेऱ्या. एका मेथडला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांवर. कंटाळून प्रक्रियांची संख्या एकवर आणण्याचा मोह होतो. कमी करायचेच तर फेऱ्यांचे सेकंद कमी करा, प्रक्रिया तीन तरी ठेवा, कारण कंपायलरचे निर्णय प्रत्येक प्रक्रियेत वेगळे पडू शकतात.

प्रश्न : नवी एनव्हीएमई एसएसडी क्रिस्टलडिस्कमार्क या डिस्क-चाचणीत खोक्यावरचा वेग दाखवते. २०० जीबीचे फोल्डर कॉपी करताना मात्र काही वेळाने वेग कोसळतो.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्या चाचणीची फाइल मुळात १ जीबीची असते. स्वस्त एसएसडी आपल्या पेशींचा काही भाग प्रत्येकी एकच बिट ठेवून वापरतात, तो वेगवान असतो. तो भरला की तीन किंवा चार बिटांच्या पेशींत थेट लिहावे लागते आणि वेग पडतो. डिस्क जितकी भरलेली, तितका हा वेगवान भाग बहुधा लहान. १ जीबीची फाइल त्याच्या आतच मावते, त्यामुळे पुढचे दिसत नाही.

एफआयओ हे डिस्कचा वेग मोजणारे साधन वापरा. डायरेक्ट पर्याय १ ठेवा, नाहीतर तुम्ही रॅमचाच वेग मोजाल. ब्लॉक १२८ केबी, सलग लेखन, रांगेची खोली (एका वेळी डिस्ककडे प्रलंबित विनंत्या) ३२, आणि वेळेवर आधारित चालवून किमान दहा मिनिटे. फाइल डिस्कच्या मोकळ्या जागेच्या निम्म्याइतकी तरी असावी. दर सेकंदाच्या वेगाची नोंद काढून आलेख करा : पायरी कुठे पडते, ती किती जीबीवर, हे त्यातून कळते, सरासरीत कळत नाही. रोजच्या वापरासाठी वेगळी चाचणी घ्या, ४ केबीचे विस्कळीत वाचन, खोली १. दोन चाचण्यांमध्ये फाइल काढून टाका, ट्रिम (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवणारी आज्ञा) चालवा आणि डिस्कला दहा-पंधरा मिनिटे विसावा द्या. पायरीच्या वेळी तापमान ७०-८० अंशांत असेल तर दोष पेशींचा नसून उष्णतेचा असू शकतो, हीटसिंक लावून पुन्हा पाहा.

एफआयओला लक्ष्य म्हणून फाइलच द्या. पूर्ण डिस्कचे नाव देऊन लेखनाची चाचणी लावलीत तर त्यावरचा सगळा डेटा जाईल, आणि ते तुम्हाला विचारत बसणार नाही.

प्रश्न : आमच्या एपीआयच्या लोड टेस्टमध्ये ९९ टक्के विनंत्या काही मिलीसेकंदांत पुऱ्या होतात. ग्राहकांच्या तक्रारी मात्र कित्येक सेकंद थांबावे लागल्याच्या आहेत.
(एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : तुमचे साधन बहुधा उत्तर येईपर्यंत पुढची विनंती पाठवत नाही. मग सर्व्हर अडकला की साधनही सौजन्याने थांबते, आणि नेमका वाईट काळ मोजायचा राहून जातो. हिशेब करून पाहा. सेकंदाला १०० विनंत्या, एकूण १०० सेकंद, उत्तर १ मिलीसेकंदात. मध्येच सर्व्हर १० सेकंद गोठला. एका जोडणीवरचे साधन ९,००० जलद विनंत्या आणि १० सेकंदांची एकच संथ विनंती नोंदवेल. ९९वा पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या आत ९९ टक्के विनंत्या पुऱ्या होतात तो वेळ, १ मिलीसेकंद. प्रत्यक्षात त्या १० सेकंदांत आणखी हजार ग्राहक आले असते, आणि प्रत्येक जण शून्य ते दहा सेकंद ताटकळला असता. दहा हजारांतला ९९वा पर्सेंटाइल मग सुमारे ९ सेकंद निघतो. संगणक अभियंते गिल टेने यांनी या चुकीकडे ठळकपणे लक्ष वेधले.

म्हणून विनंत्या ठरावीक दराने सोडणारे साधन घ्या : डब्ल्यूआरके-२मध्ये दर द्यावाच लागतो, के-६मध्ये ‘कॉन्स्टंट अरायव्हल रेट’ हा पर्याय आहे. विलंब मोजायचा तो विनंती जायला हवी होती त्या क्षणापासून. लोड पाठवणारे मशीन वेगळे ठेवा आणि त्याचाच प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जात नाही ना ते पाहा.

क्लाउडवर असाल तर लिनक्सच्या ‘टॉप’ आज्ञेतला एसटी हा आकडाही नोंदवा. तुमच्या आभासी यंत्राला हवा असलेला वेळ यजमानाने दुसऱ्याला दिला, असा त्याचा अर्थ. क्रेडिटवर (जादा वेगाच्या साठवलेल्या शिलकीवर) चालणारी स्वस्त यंत्रे चाचणीसाठी नकोतच. क्रेडिट संपल्यावर ती मूळ टक्केवारीवर येतात, आणि सकाळची चाचणी संध्याकाळी जुळत नाही.

प्रश्न : माझे निकाल दोन गठ्ठ्यांत पडतात, ४ सेकंदांच्या आसपास किंवा ६ सेकंदांच्या. मधे काहीच नाही.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचे यंत्र इंटेलच्या बाराव्या (२०२१) किंवा त्यानंतरच्या पिढीचे असेल तर त्यात बहुधा मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात, आणि प्रोग्राम कधी यावर, कधी त्यावर जातो. अशा आकड्यांची सरासरी ५ सेकंद येईल, आणि तेवढा वेळ कधीच लागलेला नसतो. लिनक्समध्ये सिस्टिम-डिव्हाइस फोल्डरात ‘सीपीयू कोअर’ आणि ‘सीपीयू ॲटम’ अशा नावांखाली कोणते क्रमांक कोणत्या प्रकारचे ते दिलेले असते. टास्कसेटने आधी एकांवर, मग दुसऱ्यांवर बांधून दोन स्वतंत्र निकाल द्या. कोअर एकाच जातीचे असूनही दोन गठ्ठे येत असतील, तर पुण्याच्या वाचकांना दिलेले पत्त्यांच्या मांडणीचे उत्तर पाहा.

प्रश्न : पुण्याच्या सी-डॅकमधल्या ऐरावत महासंगणकाचा वेग कुठे ८.५ पेटाफ्लॉप्स, कुठे १३ असा छापतात. वर्गात मुलांना कोणता सांगू?
(एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही सांगा, पण नावानिशी. एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. सुमारे १३.२ हा कागदावरचा कमाल वेग, म्हणजे गणनयंत्रांची संख्या गुणिले घड्याळाचा वेग गुणिले एका चक्रात होणारी गणिते. ८.५ हा प्रत्यक्ष मोजलेला. लिनपॅक चाचणीत एकरेषीय समीकरणांची एक प्रचंड प्रणाली सोडवायला लावतात आणि गणितांच्या संख्येला वेळेने भागतात. जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या जून २०२३ च्या टॉप-५०० यादीत ऐरावत ७५वा होता, तो या मोजलेल्या आकड्यावर. सी-डॅकच्याच परम सिद्धी-एआयला नोव्हेंबर २०२० मध्ये ६३वा क्रमांक मिळाला, तेव्हा त्याचा मोजलेला वेग ४.६ आणि कागदावरचा ५.३ पेटाफ्लॉप्सच्या आसपास होता. मुलांना दोन्हींची टक्केवारी काढायला सांगा : ऐरावतची साधारण ६४, सिद्धीची ८७. मोठी मुले असतील तर एचपीसीजी या दुसऱ्या चाचणीचेही नाव घ्या. तिच्यात मेमरीतून विखुरलेला डेटा आणावा लागतो, आणि बहुतेक महासंगणक तिथे कागदावरच्या वेगाच्या काही टक्क्यांपलीकडे जात नाहीत.